अंतराळाच्या आरशात अमेरिका

विज्ञानकथेवरील मालिका म्हणजे मुलांचे मनोरंजन, हा समज बराच जुना आहे. प्रत्यक्षात अमेरिकी दूरचित्रवाणीने आपल्या देशाविषयीचे अनेक अवघड प्रश्न अंतराळयानात बसवूनच प्रेक्षकांच्या दिवाणखान्यात पोहोचवले. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका या परंपरेतील सर्वांत धीट प्रयोगांपैकी एक मानली जाते.

न्यूयॉर्क येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात १७ मार्च २००९ रोजी एक आगळी चर्चा झाली. विषय त्या वास्तूला नवे नव्हते : मानवी हक्क, दहशतवाद, सशस्त्र संघर्षात होरपळणारी मुले आणि शत्रुत्वानंतरचा समेट. आगळे होते ते व्यासपीठ. तेथे संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या जोडीला एका दूरचित्रवाणी मालिकेची मंडळी बसली होती. निर्माते रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक, प्रमुख कलावंत एडवर्ड जेम्स ऑल्मोस आणि मेरी मॅक्डॉनेल, तर सूत्रसंचालनाला व्हूपी गोल्डबर्ग. मालिकेचे नाव 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० मार्चला, तिचा अखेरचा भाग प्रसारित झाला.

अंतराळातील लढाया दाखवणाऱ्या मालिकेला जागतिक संघटनेच्या सभागृहात स्थान का मिळावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मराठी माणसाला तरी परके नाही. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्या घराघरांत आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात याच युक्तीला अन्योक्ती असे नाव आहे. बोलायचे एकाला, लागायचे दुसऱ्याला. राजाला थेट सुनावता येत नाही, म्हणून पंचतंत्रात सिंह आणि कोल्हा बोलतात. अमेरिकी दूरचित्रवाणीवर सिंह-कोल्ह्यांचे हे काम गेली सहा दशके परग्रहवासीय आणि यंत्रमानव करीत आले आहेत.

मंगळवासीयाची मुभा

या प्रथेचा उगम शोधताना रॉड सर्लिंग या पटकथाकाराचे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. सर्व गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना निर्दोष ठरवले. या घटनेवर सर्लिंग यांना दूरचित्रवाणीसाठी नाटक लिहायचे होते. परंतु दक्षिणेकडील राज्यांतील ग्राहक दुखावतील, या भीतीने प्रायोजकांनी संहितेत एवढे बदल करायला लावले, की १९५६ मध्ये पडद्यावर आलेल्या नाटकात मूळ घटनेची ओळखही उरली नाही.

या अनुभवातून सर्लिंग यांनी घेतलेला धडा पुढे बराच गाजला. रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट पात्राच्या तोंडी जे घालता येत नाही, ते मंगळवासीयाच्या तोंडी खुशाल घालता येते, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते. २ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झालेल्या 'द ट्वायलाइट झोन' या त्यांच्या मालिकेने ही मुभा पुरेपूर वापरली. मार्च १९६० मधील एका भागात साध्यासुध्या गल्लीतील वीज जाते, शेजाऱ्यांपैकीच कोणीतरी परग्रहाचा हेर असल्याची कुजबुज सुरू होते आणि रात्र संपण्यापूर्वी शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो. सिनेटर मॅकार्थी यांच्या काळातील 'घरातला कम्युनिस्ट शोधा' या मोहिमेच्या आठवणी तेव्हा ताज्या होत्या. मालिकेने मॅकार्थींचे नाव घेतले नाही. तशी गरजही नव्हती.

ब्रिटनमध्येही याच सुमारास असे प्रयोग होत होते. नायजेल नील यांनी बीबीसीसाठी लिहिलेली 'क्वाटरमास अँड द पिट' ही मालिका डिसेंबर १९५८ मध्ये सुरू झाली. लंडनच्या नॉटिंग हिल भागात त्याच वर्षी वांशिक दंगली झाल्या होत्या. माणसाच्या मनातील परक्याविषयीचा द्वेष हा मंगळावरून आलेला प्राचीन वारसा आहे, अशी कल्पना नील यांनी मांडली. १९६३ मध्ये 'डॉक्टर हू' या मालिकेत टेरी नेशन यांनी डालेक ही वंशशुद्धीने पछाडलेली जमात आणली. पुढच्या वर्षी हे डालेक लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून फिरताना दिसले. महायुद्धात नाझींची स्वारी टळली, ती झाली असती तर राजधानी कशी दिसली असती, याचे ते चित्र होते.

'एंटरप्राइझ'वरची अमेरिका

तथापि, राष्ट्राच्या स्वप्रतिमेशी सर्वांत घट्ट नाते जडले ते 'स्टार ट्रेक'चे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका पहिल्या फेरीत ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. भारतीय प्रेक्षकांना तिची ओळख १९८० च्या दशकात दूरदर्शनने करून दिली. तिचे जनक जीन रॉडनबेरी हे महायुद्धात बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक होते, नंतर काही काळ लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात होते.

'एंटरप्राइझ' या यानाचा कर्मचारीवर्ग हीच मुळात एक राजकीय घोषणा होती. संपर्क अधिकारी उहुरा ही कृष्णवर्णीय स्त्री. सुकाणूवर आशियाई वंशाचा सुलू. ती भूमिका करणारे जॉर्ज टाकेई यांचे बालपण महायुद्धकाळात जपानी वंशाच्या अमेरिकनांसाठी उभारलेल्या छावण्यांत गेले होते. दुसऱ्या वर्षी त्यांच्या शेजारी चेकॉव्ह हा रशियन येऊन बसला, तोही शीतयुद्ध ऐन भरात असताना. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी मालिका सोडण्याचा विचार केला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनीच त्यांना थांबण्याचा आग्रह केला. ही आठवण निकोल्स यांनी पुढे अनेकदा सांगितली.

या मालिकेतील व्हिएतनामची सावली तर लपून राहत नाही. २ फेब्रुवारी १९६८ रोजी प्रसारित झालेल्या 'अ प्रायव्हेट लिटल वॉर' या भागात एका मागास ग्रहावरील एका टोळीला क्लिंगॉन शत्रूने बंदुका पुरवलेल्या असतात. कॅप्टन कर्क दुसऱ्या टोळीला तेवढ्याच बंदुका देण्याचा निर्णय घेतो. सत्तेचा समतोल राखायचा, हा त्याचा युक्तिवाद. भागाचा शेवट विजयाचा नाही, खिन्नतेचा आहे. प्रसारणाच्या जेमतेम काही दिवस आधी दक्षिण व्हिएतनाममधील शहरांवर 'टेट' हल्ला सुरू झाला होता. जानेवारी १९६९ मधील दुसऱ्या एका भागात एकाच ग्रहावरील दोन माणसे परस्परांचा जीवघेणा द्वेष करतात. कारण एवढेच, की एकाच्या चेहऱ्याची उजवी बाजू काळी तर दुसऱ्याची डावी. त्यांच्या ग्रहावर दुसरे कोणीही जिवंत उरलेले नाही, हे कळल्यावरही त्यांचा पाठलाग थांबत नाही.

मात्र 'स्टार ट्रेक'ची एक मर्यादा होती. दोष दिसत, पण ते बहुधा दुसऱ्या ग्रहावर दिसत. 'एंटरप्राइझ' येई, पाही, चार शब्द सुनावी आणि पुढे निघून जाई. यानावरची अमेरिका ही व्हावीशी वाटणारी अमेरिका होती. तिच्या सद्हेतूंविषयी सहसा शंका घेतली जात नसे. आरसा होता, पण त्यात डावे-उजवे पाहून चेहऱ्याची चांगली बाजूच दाखवली जात होती.

ही चौकट पहिल्यांदा हलवली ती 'स्टार ट्रेक'च्याच कुळातील 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) या मालिकेने. तिच्यातील मेजर किरा ही परकीय सत्तेविरुद्ध बॉम्ब पेरणारी माजी क्रांतिकारक. जानेवारी १९९६ मधील दोन भागांत तर खुद्द पृथ्वीवर शत्रूचे बहुरूपी हेर शिरल्याची भीती पसरते, रस्त्यांवर सैनिक उभे राहतात, नागरिकांच्या रक्ताच्या चाचण्या सुरू होतात. अखेर उघड होते, की पृथ्वीभरची वीज घालवून लष्करी कायद्याला निमित्त मिळवून देणारे आपलेच अधिकारी होते. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळण्यापूर्वी पाच वर्षे ही कथा लिहिली गेली. या मालिकेच्या लेखकवर्गात रोनाल्ड मूर होते.

कॅम्प डेव्हिड ते ११ सप्टेंबर

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मूळची १९७८ ची मालिका. ग्लेन लार्सन यांच्या या कथेत सायलॉन हे शत्रू शांततेचा करार करण्याच्या बहाण्याने गाफील माणसांवर तुटून पडतात. सोव्हिएत संघाशी जुळवून घेण्याचे धोरण भाबडे आहे, असे मानणाऱ्या अमेरिकनांना ही कल्पना पटण्याजोगी होती. योगायोग असा, की १७ सप्टेंबर १९७८ च्या रात्री एबीसी वाहिनीवर तिचा पहिला भाग सुरू असतानाच प्रक्षेपण मध्येच थांबवावे लागले. इजिप्त आणि इस्रायल यांच्यातील कॅम्प डेव्हिड करारावर त्याच वेळी स्वाक्षऱ्या होत होत्या. पडद्यावर कपटाचा करार आणि बातमीत खराखुरा करार, असे दृश्य त्या रात्री प्रेक्षकांनी पाहिले.

पंचवीस वर्षांनी मूर आणि आइक यांनी ही कथा नव्याने हाती घेतली, तेव्हा काळ पालटला होता. डिसेंबर २००३ मध्ये साय-फाय वाहिनीवर दोन रात्रींची लघुमालिका दाखवली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्या होत्या. नियमित मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रिटनमध्ये आणि जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली.

कथासूत्र थोडक्यात असे. बारा राशींवरून नावे पडलेल्या बारा ग्रहांवर माणसे राहतात. त्यांनीच घडवलेल्या सायलॉन यंत्रांनी पूर्वी बंड केलेले असते. चाळीस वर्षांच्या शांततेनंतर सायलॉन परततात ते माणसाच्या रूपात. रक्तामांसाचे, भावना असलेले, ओळखू न येणारे. एका दिवसात अण्वस्त्रांनी बाराही ग्रह बेचिराख होतात. संग्रहालय होण्याच्या वाटेवर असलेली 'गॅलॅक्टिका' ही जुनाट युद्धनौका वाचते, कारण तिचे संगणक एकमेकांना जोडलेलेच नसतात. तिच्या आश्रयाने सुमारे ५० हजार माणसे पृथ्वी नावाच्या दंतकथेतील ग्रहाच्या शोधात निघतात. मंत्रिमंडळातील वरचे सारे मारले गेल्याने उत्तराधिकाराच्या यादीत ४३ व्या क्रमांकावर असलेल्या शिक्षणमंत्री लॉरा रॉझलिन यांना एका प्रवासी यानात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली जाते. १९६३ मध्ये केनेडी यांच्या हत्येनंतर विमानात शपथ घेणाऱ्या लिंडन जॉन्सन यांचे छायाचित्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या दृश्याचा संदर्भ सांगावा लागत नाही.

निरभ्र आकाशातून अचानक झालेला हल्ला, आपल्यातच मिसळलेला शत्रू, भिंतीवर लावलेली हरवलेल्या आप्तांची छायाचित्रे. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या न्यूयॉर्कच्या खुणा येथे ठायी ठायी आहेत. त्यातही निर्मात्यांनी एक गोष्ट मुद्दाम उलटी ठेवली. मालिकेतील माणसे अनेक देवांना मानतात, तर सायलॉन एकेश्वरवादी आहेत. एकमेव ईश्वराच्या नावाने संहार करणाऱ्या शत्रूमध्ये अमेरिकी प्रेक्षकाला परक्या धर्माचा अतिरेकी दिसावा, आणि पुढच्याच क्षणी स्वतःच्या प्रार्थनेचे शब्दही ऐकू यावेत, अशी ही रचना आहे. भारतीय प्रेक्षकाला आणखी एक धक्का शीर्षकगीतातच बसतो. त्यातील गायनाचे शब्द गायत्री मंत्राचे आहेत.

पाण्याची बादली

बगदादजवळील अबू गरीब तुरुंगातील कैद्यांच्या छळाची छायाचित्रे एप्रिल २००४ च्या अखेरीस जगासमोर आली. फेब्रुवारी २००५ मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेल्या 'फ्लेश अँड बोन' या भागात सायलॉन कैदी लिओबेन सांगतो, की ताफ्यातील एका यानात अणुबॉम्ब दडवलेला आहे. वेळ थोडा आहे. चौकशी करणारी वैमानिक स्टारबक त्याचे डोके पुन्हा पुन्हा पाण्याच्या बादलीत बुडवते. तिचा युक्तिवाद सरळ आहे : हे यंत्र आहे, यंत्राला वेदना कसली? पण कैद्याला भूक लागते, घाम येतो, तो प्रार्थना करतो. वेदना होत नसतील तर छळ कशासाठी, आणि होत असतील तर तो यंत्र कसा, या पेचातून तिची सुटका होत नाही.

बॉम्ब नसतोच. राष्ट्राध्यक्ष रॉझलिन येतात, छळ थांबवतात, कैद्याला अभय देतात आणि त्याच्याकडून हवे ते वदवून घेतल्यावर त्याला यानाच्या दारातून अवकाशात फेकून द्यायला लावतात. मालिकेचे वेगळेपण येथे दिसते. 'स्टार ट्रेक'मध्ये असा निर्णय खलनायकाने घेतला असता. येथे तो प्रेक्षकांच्या आवडत्या, मृदुभाषी, माजी शिक्षिका असलेल्या राष्ट्राध्यक्षांनी घेतला.

सप्टेंबर २००५ मधील 'पेगासस' या भागाने हा धागा आणखी ताणला. संहारातून वाचलेली दुसरी युद्धनौका भेटते. आनंदोत्सव होतो. हळूहळू उलगडते, की तिच्या प्रमुख अॅडमिरल केन यांनी नागरी यानांची लूट करून माणसांना वाऱ्यावर सोडले आहे आणि सायलॉन स्त्री कैद्यावर अत्याचार करण्याची सैनिकांना मोकळीक दिली आहे. नुसते जिवंत राहणे पुरेसे नाही, जिवंत राहण्याची लायकीही हवी, हा मालिकेचा मध्यवर्ती विचार लघुमालिकेतच मांडला गेला होता. 'पेगासस'ने तो विचार सोडून दिलेल्या सैन्याचे रूप दाखवले.

लोकशाहीचे प्रश्नही सुटले नाहीत. माणसांची संख्या घटत असल्याने गर्भपातावर बंदी घालावी का? कामगार संपावर गेले तर युद्धकाळात त्यांना देशद्रोही म्हणावे का? चुकीचा माणूस निवडून येणार हे स्वच्छ दिसत असताना मतपेट्यांत फेरफार करावा का? यातील शेवटच्या मोहाला रॉझलिन यांची माणसे बळी पडतात. फेरफार उघड होतो आणि रॉझलिन पराभव स्वीकारतात. निवडून आलेला बाल्टर ताफ्याला एका ग्रहावर वसवतो. वर्षभरात तेथे सायलॉन उतरतात.

बाजू पालटते तेव्हा

६ ऑक्टोबर २००६ रोजी तिसऱ्या पर्वाचा प्रारंभ झाला आणि अमेरिकी प्रेक्षक चक्रावला. आता माणसे पराभूत होती, सायलॉन राज्यकर्ते होते. विध्वंस चुकीचा होता, आता आम्ही तुमच्या भल्यासाठी आलो आहोत, अशी त्यांची भाषा होती. स्थानिकांचे पोलीस दल उभारले जात होते. रात्री चेहरे झाकलेले लोक दार ठोठावून माणसे उचलून नेत होते. आणि प्रतिकार करणारे कोण, तर दोन पर्वे प्रेक्षकांनी ज्यांच्यावर जीव लावला ते नायक. कैदेत एक डोळा गमावलेला कर्नल टाय बंडखोरांचे नेतृत्व करतो. त्याच्या आदेशावरून एक तरुण वैमानिक नव्या पोलिसांच्या दीक्षांत समारंभात अंगाला स्फोटके बांधून जातो आणि स्वतःसह आपल्याच बांधवांना उडवून देतो.

त्या महिन्यांत इराकी पोलिसांवरील आत्मघाती हल्ल्यांच्या बातम्या जवळजवळ रोज येत होत्या. अमेरिकी सैनिक इराकमध्ये असताना, अमेरिकी वाहिनीवर, अमेरिकी प्रेक्षकाला आत्मघाती हल्लेखोराच्या बाजूने विचार करायला लावणे ही लहान गोष्ट नव्हती. वृत्तवाहिनीवर असा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याची काय गत झाली असती, याची कल्पना सहज करता येते. मंगळवासीयाची जुनी मुभा येथे पुन्हा कामी आली. मालिकेने हल्ल्याचे समर्थन मात्र केले नाही. टायचा निर्णय पाहून त्याचे सहकारीही हादरतात. ताब्यात घेतलेल्या भूमीवर माणसे तेथपर्यंत कशी पोहोचतात, एवढेच तिने दाखवले.

त्याहून अस्वस्थ करणारा भाग सुटकेनंतरचा. सायलॉनशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून सहाजणांचे गुप्त न्यायमंडळ एकेकाला मृत्युदंड देत सुटते. गेटा या अधिकाऱ्यालाही अवकाशात फेकण्याची तयारी होते. प्रत्यक्षात बंडखोरांना आतली माहिती पुरवणारा तोच होता, हे अगदी शेवटच्या क्षणी कळते. त्यानंतर पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेल्या रॉझलिन सरसकट माफी जाहीर करतात. दुसऱ्या महायुद्धानंतरचा फ्रान्स आणि अनेक देशांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगांचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

'आपण' म्हणजे कोण?

या साऱ्या प्रसंगांच्या तळाशी एकच प्रश्न आहे. राष्ट्र म्हणजे कोण? भूमी गेली, राजधानी गेली, घटना लिहिलेले कागदही बहुधा जळाले. मग उरलेल्या माणसांना एकत्र धरून ठेवणारे काय? सुरुवातीला उत्तर सोपे वाटते. आपण म्हणजे माणसे, ते म्हणजे यंत्रे. मालिकेने हे उत्तर पायरीपायरीने मोडीत काढले. बारा ग्रहांत मुळातच समता नव्हती. सॅजिटॅरॉन हा ग्रह इतरांनी पिळून काढलेला. तेथील बंडखोर नेता टॉम झॅरेक दहशतवादी की राजकीय कैदी, यावर एकमत नाही. गंमत म्हणजे ही भूमिका रिचर्ड हॅच यांनी केली, जे १९७८ च्या मालिकेत नायक होते.

पुढे मार्च २००७ मध्ये तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस स्फोट झाला तो वेगळाच. सायलॉनविरोधी लढ्याचा कडवा सेनानी कर्नल टाय स्वतःच सायलॉन असल्याचे त्याला उमगते. ज्याने शत्रूशी संग केला म्हणून स्वतःच्या पत्नीलाही विष दिले, त्याच्याच रक्तात शत्रू निघाला. वंश हाच ओळखीचा निकष असेल, तर आता या माणसाचे काय करायचे? टाय स्वतः उत्तर देतो ते कृतीने. तो आपल्या जागेवर, आपल्या सेनापतीच्या शेजारी जाऊन उभा राहतो. आपण कोण आहोत हे जन्म ठरवत नाही, निष्ठा आणि वर्तन ठरवते, अशी ही भूमिका आहे.

ती सर्वांना मानवत नाही, हेही मालिका प्रामाणिकपणे सांगते. २००९ च्या प्रारंभीच्या भागांत बंडखोर सायलॉनना ताफ्यात सामावून घेण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा सशस्त्र उठाव होतो. त्याचे नेतृत्व झॅरेक आणि पूर्वी अन्यायाने मरता मरता वाचलेला गेटा करतात. ज्यांनी आमची घरे जाळली त्यांना नागरिकत्व कसे द्यायचे, हा त्यांचा सवाल खोटा नाही. उठाव मोडला जातो, दोघांना गोळ्या घातल्या जातात, पण सवाल हवेत राहतो. अखेरच्या भागात ताफा आदिम पृथ्वीवर पोहोचतो. मानव आणि सायलॉन यांच्या मीलनातून जन्मलेली हेरा ही मुलगीच आजच्या सर्व माणसांची पूर्वज ठरते. शुद्ध 'आपण' असे कधी नव्हतेच, हा त्याचा अर्थ.

रूपकाच्या मर्यादा

अर्थात, या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा, की रूपकाला हवा तो अर्थ लावता येतो. प्रारंभीच्या पर्वांत शत्रूशी तडजोड न करणारा समाज पाहून अमेरिकेतील काही उजव्या विचारांचे प्रेक्षक सुखावले होते. तिसऱ्या पर्वाने त्यांच्यातील अनेकांचा हिरमोड केला. एकाच मालिकेत दोन्ही बाजूंना आपापले समर्थन सापडत असेल, तर ती मत बदलते की असलेले मत घट्ट करते, हा प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. व्यापलेल्या ग्रहावरील दुःख अमेरिकी प्रेक्षकाला भिडले, कारण तेथे दुःख भोगणारे चेहरे त्याच्या ओळखीचे, त्याच्याच भाषेत बोलणारे होते. प्रत्यक्ष इराकी माणूस त्या कथेत कोठेच नाही. दुसऱ्याची वेदना समजण्यासाठी आधी त्या जागी स्वतःला बसवावे लागते, ही रूपकाची ताकद आहे आणि तीच त्याची उणीवही. बगदादच्या आईचे रडणे ऐकू यावे म्हणून तिच्या जागी आपली आई कल्पावी लागत असेल, तर सहानुभूतीचा पल्ला अजून तोकडाच म्हणायचा.

तिसरी गोष्ट प्रेक्षकसंख्येची. केबलवरील या मालिकेचा प्रेक्षकवर्ग कधीच फार मोठा नव्हता. २००५ सालच्या कामगिरीसाठी तिला पीबडी हा मानाचा पुरस्कार मिळाला, समीक्षकांनी डोक्यावर घेतले. पण इराकविषयीचे जनमत तिच्यामुळे पालटले, असे कोणी म्हणणार नाही. तिचे काम वेगळे होते. भीतीच्या काळात जे प्रश्न विचारणे देशद्रोहासारखे वाटू लागते, ते प्रश्न तिने जिवंत ठेवले.

पुढचा प्रवास

'बॅटलस्टार'नंतर ही वाट रुंदावली. 'द एक्सपान्स' या २०१५ ते २०२२ या काळातील मालिकेत लघुग्रहांवर राबणाऱ्या मजुरांना पृथ्वी आणि मंगळ या दोन महासत्ता पाण्या-हवेसाठी ताटकळत ठेवतात. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातील 'अँडॉर' या टोनी गिलरॉय यांच्या मालिकेचे दुसरे व अखेरचे पर्व २०२५ मध्ये आले. साम्राज्य खनिजासाठी एका ग्रहावर आधी बदनामीची मोहीम, मग चिथावणी आणि शेवटी कत्तल कशी घडवते, हे त्यात सविस्तर दिसते. ही कथा नेमकी कोणत्या देशाची, यावर प्रेक्षकांत वाद झाले. ज्याला त्याला आपलाच देश त्यात दिसला.

भारतात या प्रकारच्या मालिका अपवादानेच झाल्या. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवर आधारित 'लैला' ही मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. 'आर्यावर्त' नावाच्या, भिंतींनी विभागलेल्या भावी राष्ट्रात पाण्यालाही पहारा असतो. तिच्यावर टीका झाली आणि कौतुकही. मराठीत छोट्या पडद्याने या वाटेला फारसे पाऊल टाकलेले नाही, परंतु साहित्याने टाकले आहे. पानिपतावर मराठे जिंकले असते तर, या कल्पनेवरील डॉ. जयंत नारळीकर यांची कथा विज्ञानाइतकीच राष्ट्राच्या स्वप्रतिमेचीही आहे. मराठी मनाची सर्वांत जुनी जखम त्यांनी समांतर विश्वात नेऊन तपासली.

आपल्याकडे पौराणिक आणि ऐतिहासिक मालिकांनी राष्ट्राच्या गतकाळाचे चित्र रंगवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. भूतकाळ निवडला की उत्तरे आधीच ठरलेली असतात. शत्रू कोण आणि आपण कोण, याविषयी प्रेक्षकाच्या मनात शंका नसते. भविष्यकाळ निवडला तर ती सोय राहत नाही. म्हणूनच कदाचित तो निवडायला धैर्य लागते. 'गॅलॅक्टिका'वरील त्या ५० हजार माणसांनी पृथ्वीचा शोध घेता घेता वारंवार स्वतःला विचारले, की आपण वाचण्याच्या लायकीचे आहोत काय? कोणत्याही राष्ट्राने घाबरलेल्या अवस्थेत कधीतरी विचारून पाहावा, असाच हा प्रश्न आहे.